मृत्युपत्र, फेरफार आणि मुलींचा हिस्सा

मृत्युपत्राचा वाद इतर दस्तांच्या वादांपेक्षा एका बाबतीत वेगळा असतो. ज्याने तो कागद केला, तो साक्ष द्यायला हयात नसतो. खरेदीखताविषयी शंका आली तर विकणाऱ्याला साक्षीसाठी बोलावता येते. मृत्युपत्राविषयी शंका आली तर उत्तर द्यायला दोन साक्षीदार, एखादा डॉक्टर आणि त्या दिवशी घरात कोण कोण होते याच्या आठवणी एवढेच हाती उरते. म्हणून मृत्युपत्र खरे आहे हे सिद्ध करण्याचा भार कायद्याने ते पुढे करणाऱ्यावर टाकला आहे. ते खोटे आहे हे हरकत घेणाऱ्याला आधी सिद्ध करावे लागत नाही. ही साधी गोष्ट ठाऊक नसल्यामुळे कितीतरी बहिणी आणि विधवा दाव्यापर्यंत पोचतच नाहीत.

मावळात हा प्रश्न आता घरोघरी आला आहे. कार्ले, वेहेरगाव, मळवली, देवले, सदापूर या गावांतल्या भातखाचरांवर दोन पिढ्यांपूर्वी कोणी भांडत नव्हते असे नाही, पण तेव्हा भांडण बांधाचे आणि पाण्याचे असे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग 2002 मध्ये पूर्ण झाला, लोणावळ्याचे बंगले इंद्रायणीच्या खोऱ्यात उतरू लागले आणि गुंठ्याला मोल आले. सातबाऱ्यावर कोणाचे नाव आहे, यावर एका कुटुंबाचे पुढचे आयुष्य ठरू लागले. या मुलखाला जमिनीचे लेख नवे नाहीत. कार्ल्याच्या लेण्यांतच ‘मामाल’ प्रदेशातील अमात्याला पाठवलेली सातवाहनकालीन राजाज्ञा कोरलेली आहे आणि भिक्षुसंघाला दिलेल्या गावाच्या सवलती तिच्यात नोंदवल्या आहेत. दान देणारा राजा होता, तरी कोणाला काय दिले हे दगडात लिहून ठेवण्याची गरज तेव्हाही वाटली.

मृत्युपत्राला आव्हान देण्याचा पहिला आधार त्याच्या बाह्य रूपाचा. ते रूप भारतीय उत्तराधिकार अधिनियम, 1925 च्या कलम 63 ने ठरवले आहे. ते लेखी हवे. करणाऱ्याने त्यावर सही किंवा अंगठा केलेला हवा. किमान दोन साक्षीदारांनी ती सही होताना पाहिलेली हवी किंवा ‘ही सही माझी’ असे त्याच्या तोंडून ऐकलेले हवे, आणि प्रत्येकाने त्याच्यासमोर स्वतःची सही केलेली हवी. मुद्रांक लागत नाही, साधा कागद चालतो आणि नोंदणी ऐच्छिक आहे. न्यायालयात मात्र यांतला किमान एक साक्षीदार हयात असेल तर त्याला तपासावेच लागते. 1872 च्या पुरावा कायद्यातला हा नियम 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 67 मध्ये आला आहे. गावाकडची बरीच मृत्युपत्रे इथेच अडतात. साक्षीदार उलटतपासणीत सांगतो, ‘मला वकिलाच्या ऑफिसात बोलावून सही घेतली, म्हातारबाबा तिथे नव्हते.’ दुसरा साक्षीदार ही उणीव भरून काढू शकला नाही, तर एवढ्या एका वाक्याने मृत्युपत्र पडते.

दुसरा आधार मनःस्थितीचा. करणारा सज्ञान आणि सुबुद्ध हवा, असे उत्तराधिकार अधिनियमाचे कलम 59 म्हणते. नुसते म्हातारपण किंवा अंथरूण धरणे म्हणजे बुद्धिभ्रंश नव्हे. आपली मालमत्ता काय, आपले वारस कोण आणि कोणाला काय देतो आहोत, हे त्या क्षणी कळत असेल तर पुरे. म्हणून नुसत्या वयापेक्षा त्या आठवड्यातले रुग्णालयाचे केसपेपर, औषधांच्या नोंदी आणि डॉक्टरची साक्ष महत्त्वाची ठरते. हरकत घेणाऱ्याने हे कागद लवकर मिळवावेत. दवाखान्यात ते कायम जपले जात नाहीत.

तिसरा आधार फसवणूक, जबरदस्ती आणि दडपणाचा. मृत्युपत्रकर्त्याचे स्वातंत्र्य हिरावून घेणाऱ्या अशा दबावाखाली केलेले मृत्युपत्र कलम 61 ने निरर्थक ठरवले आहे. इथे भार उलटतो. दडपण आणले असे जो म्हणतो, त्यालाच ते दाखवावे लागते. ते दाखवणे अवघड असते, कारण सांभाळ करणाऱ्या मुलाचे आर्जव आणि त्याचे दडपण यांतली रेषा बाहेरून दिसत नाही.

म्हणूनच व्यवहारात सर्वांत उपयोगी पडतो तो चौथा मार्ग, संशयास्पद परिस्थितीचा. सर्वोच्च न्यायालयाने तो मराठी न्यायमूर्तींच्या हातून घडवला, याचा इथल्या वाचकाला अभिमान वाटावा. साताऱ्यात जन्मलेले न्या. प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी 1958 मध्ये एच. वेंकटाचल अय्यंगार खटल्यात निकाल लिहिला. म्हैसूरकडच्या एका वृद्धेचे मृत्युपत्र पुढे करणाऱ्यानेच ते करवून घेण्यात पुढाकार घेतला होता आणि त्यातला मोठा लाभ त्याच्याच मुलांना होता. न्यायालयाने ते मानले नाही. डळमळीत सही, क्षीण मन, जवळच्यांना कारण न देता वगळणे किंवा लाभ घेणाऱ्याचा पुढाकार अशी शंका असेल, तर मृत्युपत्र पुढे करणाऱ्याने ती स्वतः दूर करायची, हा नियम त्यातून पक्का झाला. पुढे 1976 मध्ये न्या. यशवंत चंद्रचूड यांनी जसवंत कौर खटल्यात आणखी एक पाऊल टाकले. पत्नीला काहीही न देणाऱ्या मृत्युपत्राविषयी त्यांनी म्हटले की, असा वाद वादी-प्रतिवादींपुरता राहत नाही, तो न्यायालयाच्या विवेकबुद्धीचे समाधान करण्याचा प्रश्न होतो. मुलीला वगळले एवढ्यानेच मृत्युपत्र पडत नाही, हेही तितकेच खरे. वारसाहक्काचा सरळ क्रम बदलण्यासाठीच तर मृत्युपत्र असते. वगळण्याबरोबर दुसरी खूण असावी लागते.

नोंदणीकृत मृत्युपत्राला आव्हान देता येत नाही, हा पक्का गैरसमज आहे. नोंदणीने सही झाल्याचे बळ मिळते, पण शंका आपोआप मिटत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1960 च्या दशकापासून सांगितले आहे.

मृत्युपत्राभोवती उभे असलेल्यांची साक्ष किती जोखली जाते, याचा पुणे जिल्ह्यातला सर्वांत मोठा धडा म्हणजे ताईमहाराज प्रकरण. पुण्याचे सरदार बाबामहाराज पंडित 7 ऑगस्ट 1897 रोजी पटकीने वारले. त्याच दिवशी त्यांनी मृत्युपत्र केले आणि व्यवस्थेची जबाबदारी लोकमान्य टिळक, दादासाहेब खापर्डे आदी मंडळींवर सोपवली. पत्नी ताईमहाराज गरोदर होत्या. मुलगा झाला आणि तो वाचला नाही, तर विश्वस्तांच्या संमतीने दत्तक घ्यावा, अशी तरतूद होती. मुलगा झाला आणि काही आठवड्यांतच गेला. मग 1901 मध्ये औरंगाबादेत जगन्नाथ नावाच्या मुलाचे दत्तकविधान झाले की नाही, यावर वाद पेटला. ताईमहाराजांनी त्याच वर्षी कोल्हापूरच्या दुसऱ्या मुलाला दत्तक घेतले. जिल्हा न्यायाधीश ॲस्टन यांनी 1902 मध्ये विश्वस्तांविरुद्ध निर्णय दिला. टिळकांवर खोटी साक्ष दिल्याचा खटला भरला गेला आणि 1903 मध्ये त्यांना शिक्षाही झाली. मार्च 1904 मध्ये उच्च न्यायालयाने ती रद्द केली. दिवाणी वाद चालूच राहिला. लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने 1915 मध्ये औरंगाबादचे दत्तकविधान मान्य केले, तेव्हा मृत्युपत्राला 18 वर्षे होत आली होती. त्या निकालातला एक धडा आजही वकील उद्धृत करतात: साक्षीदाराला खोटे ठरवायचे असेल, तर उलटतपासणीत तो मुद्दा त्याच्यासमोर मांडून उत्तर द्यायची संधी दिली पाहिजे. जे साक्षीदाराला विचारलेच नाही, त्यावरून शेवटी त्याच्यावर चिखल उडवता येत नाही.

मावळातल्या शेतजमिनीच्या बाबतीत मात्र सर्वांत वजनदार आधार कागदाच्या खरेपणाचा नाही. मृत्युपत्र अस्सल असूनही ते किती जमिनीला लागू पडते, हा खरा प्रश्न आहे. जे स्वतःचे आहे, तेवढेच देता येते. समजा, एकत्र कुटुंबाची 4 एकर वडिलोपार्जित जमीन आहे आणि घरात वडील, आई, एक मुलगा व एक मुलगी आहेत. 9 सप्टेंबर 2005 पासून मुलगी जन्मानेच सहदायाद, म्हणजे एकत्र मिळकतीतली हिस्सेदार, आहे. विनीता शर्मा खटल्यात 11 ऑगस्ट 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, 2005 च्या त्या दिवशी वडील हयात होते की नव्हते याने फरक पडत नाही. वडिलांचा हिस्सा 1 एकर. त्यांनी चारही एकर मुलाच्या नावे लिहून दिले, तरी मृत्युपत्र त्या एकाच एकराला लागू होते. मुलाला 2 एकर मिळतात, आई आणि बहिणीचा एकेक एकर शाबूत राहतो. मृत्युपत्र पडले, तर वडिलांच्या एकराचे तीन वाटे होऊन प्रत्येकाला 13 गुंठ्यांवर थोडे येते. दोन पथ्ये पाळायची. 20 डिसेंबर 2004 पूर्वी झालेले वाटप किंवा विक्री उकरता येत नाही. आणि आजोबांकडून आलेली प्रत्येक जमीन वडिलोपार्जित नसते. 1956 नंतर वडिलांना वारसाने मिळालेली मालमत्ता त्यांची स्वतःची मानली जाते, असे 1986 च्या चंदर सेन निकालापासून ठरले आहे. दावा लावण्याआधी जुने फेरफार काढून हे तपासले नाही, तर वर्षे वाया जातात.

शेतजमीन मुंबईच्या बिगरशेतकरी स्नेह्याला मृत्युपत्राने देण्याचा मार्गही बंद आहे. कूळकायद्याखालील गुजरातच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये तो नाकारला. मुस्लिम कायद्यात वारसांच्या संमतीविना एक तृतीयांशापलीकडे मृत्युपत्र करता येत नाही, आणि गोव्यात निम्मी मालमत्ता जवळच्या वारसांसाठी राखीव असते. मावळातल्या हिंदू शेतकऱ्याच्या मुलीला असे कवच नाही. बापाच्या स्वकष्टार्जित जमिनीतून तिला पूर्ण वगळता येते. ही उणीव आहे आणि ती कायद्याने भरून काढावी. बँकेतल्या नॉमिनीविषयी एवढेच की तो मालक नव्हे. ‘कालनिर्णय’कार जयंत साळगावकर यांच्या मालमत्तेच्या प्रकरणात डिसेंबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शेअर्सबाबतही तेच सांगितले.

प्रत्यक्ष लढाई सुरू होते ती तलाठ्याच्या दप्तरात. मृत्युपत्राच्या आधारे फेरफार धरला की हितसंबंधितांना नमुना 9 ची नोटीस निघते आणि 15 दिवसांत लेखी हरकत घेता येते. हरकत आली की नोंद विवादग्रस्त ठरते, सुनावणी होते आणि निर्णयावर प्रांतांकडे अपील करता येते. पण फेरफार महसुलासाठी असतो, मालकी ठरवत नाही. मृत्युपत्रावरचा हक्क वादात असेल तर दिवाणी न्यायालयातच जावे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये पुन्हा बजावले. नोंद मंजूर झाली म्हणून हातपाय गाळू नयेत आणि नोंद अडवली म्हणून निर्धास्तही राहू नये. पुणे जिल्ह्यातल्या जमिनीसाठी मुंबईसारखे प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र सिद्ध झाल्याचे न्यायालयाचे प्रमाणपत्र, सक्तीचे नव्हते, म्हणून इथला वाद बहुधा वाटपाच्या आणि हक्कघोषणेच्या दाव्यातून वडगाव मावळच्या दिवाणी न्यायालयात येतो. हक्काची घोषणा मागण्याची किंवा दस्त रद्द करून मागण्याची मुदत 3 वर्षांची आहे. एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतून वगळले गेल्यास, ते कळल्यापासून 12 वर्षे मिळतात. दाव्याबरोबरच तात्पुरत्या मनाईचा अर्ज हवा, नाहीतर निकाल लागेपर्यंत जमिनीवर बंगला उभा राहतो.

वाटपाचा हुकूमनामा मिळाला तरी शेतजमिनीचे प्रत्यक्ष वाटे जिल्हाधिकाऱ्यांमार्फत मोजणीने पडतात आणि त्यात आणखी काळ जातो. म्हणून तडजोड हा दुबळ्याचा मार्ग समजू नये. रस्त्यालगतची आणि डोंगरउताराची जमीन सरस-निरस पाहून वाटली, कोणाला पैसा तर कोणाला जमीन दिली, तर घर टिकते. लोकअदालतीत झालेल्या निवाड्याला हुकूमनाम्याचे बळ असते आणि कोर्ट फी परत मिळते. पण त्यावर अपील नाही. बहिणीकडून ‘वारस नोंदीसाठी’ म्हणून घेतलेली सही पुढे हक्कसोडपत्र निघते, तसाच धोका तडजोडपत्रातही असतो. भावाच्या वकिलाने लिहिलेला मसुदा आपल्या वकिलाकडून वाचून घेतल्याशिवाय कोणत्याही बहिणीने सही करू नये. वकील परवडत नसेल, तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करावा. 1987 च्या कायद्याने स्त्रियांना हे साहाय्य विनामूल्य आहे आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.