एकाचा आवाज बसला, तर दुसऱ्याने ओळ उचलावी

 

प्रियांनो, घरोघरी प्रार्थनेला गेलं की हल्ली आपण एकच गोष्ट ऐकतो. लूमवर पाळ्या कमी झाल्या. हिऱ्याच्या कारखान्यात पूर्वीसारखं काम नाही. आपल्या बहिणी रात्री जागून साड्यांना स्टोन लावतात, पण मजुरी हातात यायला उशीर होतो. खोलीचं भाडं आणि मुलांची फी मात्र थांबत नाही. आणि मग कोणीतरी हळूच विचारतं, प्रार्थनेला बसतो पण तोंडातून गाणंच निघत नाही, आमचा विश्वास संपला का?

नाही. खचून जाणं म्हणजे विश्वास सोडणं नव्हे. पवित्र शास्त्रातलं स्तुतीचं मोठं पुस्तक म्हणजे स्तोत्रसंहिता. त्यातल्या 150 स्तोत्रांत आनंदाची आहेत, तशी रडण्याची आणि देवाकडे तक्रार करण्याचीही कितीतरी आहेत. 42 व्या स्तोत्रात भक्त स्वतःच्याच जिवाची समजूत काढत बसलाय. 88 वं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटी उजेडाची एक ओळसुद्धा नाही. तरी देवाच्या लोकांनी ते पुस्तकातून काढून टाकलं नाही. का? कारण तो माणूस रडला, पण देवासमोर रडला. पाठ फिरवून गेला नाही. एवढं धरून ठेवणं हीसुद्धा स्तुतीच आहे.

आपल्या गुरूकडे, प्रभू येशूकडे बघा. धरून नेलं त्या रात्री शिष्यांबरोबर गीत गाऊनच तो जैतुनाच्या डोंगराकडे निघाला. आणि थोड्याच वेळात गेथशेमाने बागेत त्याचा जीव दुःखाने व्याकूळ झाला. तेव्हा त्याने काय केलं? तिघांना जवळ घेतलं आणि माझ्यासोबत जागे राहा, असं सांगितलं. ते तिघे झोपी गेले ही वेगळी गोष्ट. पण विचार करा, देवाच्या पुत्राला त्या घटकेला माणसांची सोबत हवीशी वाटली, तर आपण आपलं दुःख घरच्यांपासून का लपवावं?

आपल्या मराठी भाषेतच याची मोठी साक्ष आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांची भजनं आजही आपल्या मंडळ्यांमध्ये गातात. येशूला आई आणि गुरू अशी दोन्ही नावं देऊन गाणारे ते भक्त. 10 फेब्रुवारी 1895 रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पत्नी लक्ष्मीबाईंवर तर आभाळच कोसळलं. जुनं सोवळं-ओवळं पाळणारं घर, नातेवाईक, समाज, आणि लहानगा दत्तू पदरात. सुमारे पाच वर्षं नवराबायको वेगळे राहिले. त्या दुःखातही दोघं कविता करत होते. पुढे ती दोघं एकत्र आली. टिळकांनी पत्नीवर जबरदस्ती केली नाही. लक्ष्मीबाईंचं मन आपल्या वेळेने वळलं आणि 1900 मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला.

टिळकांनी प्रभूचं चरित्र ओवीत गायला घेतलं होतं, ‘ख्रिस्तायन’. सुरुवातीचे मोजके अध्याय झाले आणि 9 मे 1919 रोजी ते प्रभूकडे गेले. स्तुती अर्धीच राहिली. लक्ष्मीबाई कधी शाळेत गेल्या नव्हत्या, लिहायला-वाचायला त्यांना टिळकांनीच शिकवलं होतं. नवरा गेला, संसाराचा भार एकटीवर आला, वसतिगृहात मेट्रनची नोकरी करावी लागली. पण त्यांनी ती अर्धी राहिलेली ओवी उचलली आणि साठाहून जास्त अध्याय लिहिले. पुढे मुलगा देवदत्त, म्हणजे तोच दत्तू, याने तो ग्रंथ संपादून छापवला. बघा, एकाने सुरू केलं, दुसरीने पुढे नेलं, तिसऱ्याने लोकांपर्यंत पोचवलं. एकट्याच्या बळावर ते गाणं पूर्ण झालंच नसतं.

भजनात आपण हेच करतो ना? पुढे गाणाऱ्याचा आवाज बसला की मागचे टाळकरी ओळ उचलतात. भजन थांबत नाही, आणि पुढच्याला दम घ्यायला वेळ मिळतो. थोड्या वेळाने तोही परत सुरात येतो. फिलिप्पैच्या तुरुंगात मध्यरात्री पौल गायला, तोही एकटा नव्हता. सीला बाजूला होता. दोघांचे पाय खोड्यात होते, अंगावर फटक्यांचे वळ होते, तरी बाकीचे कैदी त्यांचं गाणं ऐकत होते.

म्हणून या आठवड्यात आपण सगळ्यांनी एवढं करू या.

रात्री जेवणानंतर दहा मिनिटं मोबाइल बाजूला ठेवून सगळ्यांनी एकत्र बसायचं. एक स्तोत्र वाचायचं, 13 वं, 42 वं किंवा 77 वं. प्रत्येकाने आज काय जड गेलं ते खरं खरं सांगायचं. काम सुटलं असेल तर तेही सांगायचं. ज्याच्याने गाणं होणार नाही त्याने नुसतं बसावं, घरच्यांनी त्याच्यासाठी गावं. त्याला ‘तुझा विश्वास कमी आहे’ असं कोणीही म्हणू नये. शेजारच्या घरात चूल पेटत नसेल, तर आधी पीठ आणि डाळ पोचवावी, प्रार्थना तिथे बसून करावी.

आणि कोणाची झोपच उडाली असेल, जगणं नको असे विचार येत असतील, तर त्या माणसाला एकटं सोडू नका. डॉक्टरकडे न्या. सरकारची टेली-मानस सेवा 14416 या नंबरवर दिवसरात्र फुकट आहे. डॉक्टरकडे जाणं हे अविश्वासाचं लक्षण नाही. वैद्य लूकसुद्धा प्रभूचाच सेवक होता.

प्रार्थना: हे प्रभू, हे गुरुमाउली, आमच्यातल्या ज्याचा कंठ आज दाटला आहे त्याला आम्ही तुझ्यासमोर आणतो. त्याची ओळ आम्हाला उचलायला शिकव. आणि आमचा आवाज बसेल त्या दिवशी आमच्या बाजूलाही कोणी बसलेलं असू दे. आमेन.

आपल्या कुटुंबाच्या गटात हा संदेश जरूर पाठवा. आणि जो बरेच दिवस गप्प आहे, त्याला नुसता मेसेज न करता फोन लावा.