बोटांचे टक्के

अंगठा 30. तर्जनी 14, मधले बोट 12. अनामिका किंवा करंगळी प्रत्येकी 7. करंगळीचे नुसते टोक गेले आणि हाड शाबूत राहिले, तर 2. कर्मचारी राज्य विमा कायद्याच्या, म्हणजे आपल्या बोलण्यातल्या ‘ईएसआय’च्या, दुसऱ्या परिशिष्टातले हे टक्के आहेत. 1948 चा तो कायदा 21 नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहितेत गेला. भोसरी, तळवडे, चाकणच्या प्रेस शॉपमध्ये ज्याच्या मित्राचा हात डायखाली सापडला आहे, त्याला मात्र हे जुने आकडे पाठ असलेले बरे.

हिशेब असा. रोजचा सरासरी पगार 600 रुपये धरू. बरे होईपर्यंत त्याचे 90 टक्के, म्हणजे रोज 540 रुपये मिळतात. पुढे मेडिकल बोर्ड कमाईची क्षमता किती घटली ते ठरवते. अनामिका पूर्ण गेली तर 540 चे 7 टक्के, दिवसाला 37 रुपये 80 पैसे. महिन्याला 1134 रुपये, आयुष्यभर. थोडे वाटतात, आहेतही थोडेच. पण ठेकेदार खोलीवर येऊन नोटांची गड्डी पुढे करतो आणि कोऱ्या कागदावर सही मागतो, तेव्हा पंचविशीतल्या पोराने चाळीस वर्षांची बेरीज करून पाहावी. ती करायला शेजारी शुद्धीवर असलेला कुणीतरी लागतो.

या विम्याची आखणी प्रा. बी. पी. अदारकर यांनी केली. त्यांचा अहवाल 1944 चा, आणि तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते डॉ. आंबेडकरांकडे होते. जखमी कामगाराने मालकाशी कोर्टात झुंजत बसू नये, विम्याने त्याला सांभाळावे, हा त्यामागचा मोठा विचार. त्याची किंमतही आहे. ईएसआय लागू असलेल्याला 1923 च्या भरपाई कायद्याचे दार बंद होते. त्या दारापलीकडे काय होते, ते 1975 च्या एका निकालात दिसते. ओडिशातल्या एका सुताराचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला होता. मालकाचे म्हणणे, अपंगत्व अंशतःच आहे. सर्वोच्च न्यायालयाने ते मानले नाही. एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून त्याचे नुकसान शंभर टक्के धरले. तिथे कोर्टाने हात मोजला नाही, काम मोजले. आपल्या यादीत तर उजव्या-डाव्या हाताचाही भेद नाही.

बोट सरळ तुटले असेल तर बोर्डापुढे फारसा वाद उरत नाही, यादी बोलते. बोट राहिले पण ताठ झाले, कातडी लावली, बधिरपणा आला, मूठ वळत नाही, अशा वेळी सगळे डॉक्टरांच्या अंदाजावर येते. बोर्डापुढे उभा राहिलेला कामगार मात्र ‘बरंय आता’ म्हणतो. साहेबापुढे रडगाणे गायचे नाही, हे आपल्याकडचे संस्कारच. मी मित्रासोबत गेलो तेव्हा त्याला एवढेच बजावले होते की ‘दुखतं’ म्हणू नकोस. नट धरता येतो का, शर्टाची बटणे कोण लावते, डबा कसा उघडतोस, ते सांग.

खरी लढाई त्याच्या कितीतरी आधी होऊन गेलेली असते. अपघाताच्या रात्री कॅज्युअल्टीच्या केस पेपरवर कारण काय लिहिले गेले? रक्त थांबवायच्या गडबडीत माहिती देणारा बहुतेक वेळा सुपरवायझर असतो. ‘घरी पडला’ एवढे दोन शब्द गेले की अपघात कामावरचा उरत नाही. कंपनीने भरायचा अपघात अहवाल, फॉर्म 12, चोवीस तासांत जायला हवा. त्यावर वेळ, मशीन आणि साक्षीदार नीट आहेत का, ते लगेच पाहावे. कार्डच काढलेले नव्हते, म्हणून हक्क नाही, असेही सांगतात. ते खोटे आहे. कामावरच्या अपघाताला किती हप्ते भरले याची अट नाही, पहिल्या दिवशीचा अपघातही धरला जातो. वाहन उद्योगातल्या जखमी कामगारांसोबत काम करणाऱ्या सेफ इन इंडिया फाउंडेशनच्या ‘क्रश्ड’ अहवालांत, अपघात झाल्यावर कार्ड हाती पडल्याची नोंद वर्षानुवर्षे येते आहे.

आणखी एक घोळ दोन टक्केवाऱ्यांचा. ईएसआय बोर्ड कमाईची क्षमता मोजते. यूडीआयडी या दिव्यांग ओळखपत्रासाठी सरकारी रुग्णालय शरीरातला दोष मोजते. एकाचा कागद दुसरीकडे चालत नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचे बहुतेक लाभ 40 टक्क्यांपासून सुरू होतात, आणि एका-दोन बोटांनी तिथवर कुणी पोहोचत नाही. पिंपरीच्या वायसीएम रुग्णालयाने दिलेले 7 टक्क्यांचे एक प्रमाणपत्र 2024 मध्ये, दिव्यांग प्रमाणपत्रांवरून वादात सापडलेल्या प्रशिक्षणार्थी आयएएस अधिकारी पूजा खेडकर यांच्या प्रकरणामुळे, देशभर गाजले. तेव्हापासून प्रमाणपत्र म्हटले की लोकांना आधी लबाडी आठवते. त्या संशयाचा भार खिडकीशी रांगेत उभ्या असलेल्या हेल्परवर पडतो, हे मला फार लागते.

ब्रिटनमध्ये अपंगत्व भत्त्याच्या तपासणीला सोबत माणूस नेता येतो, तसे सरकारी मार्गदर्शिकेतच आहे. आपल्याकडे ‘तुम्ही कोण?’ या प्रश्नाला ‘रूम पार्टनर’ हे उत्तर फारसे चालत नाही. कायम कामगाराच्या मागे युनियन असते, तिथे असे फॉर्म भरून हात बसलेला एखादा जुना माणूस असतो. महाळुंगे-निघोज्यात एका खोलीत राहणाऱ्या कंत्राटी पोरांचा नातेवाईक लातूरला नाहीतर बिहारमध्ये, आणि सोबत जाणाऱ्याचा त्या दिवसाचा पगार बुडतो. अदारकरांनी कामगाराला कोर्टापासून सोडवले. खिडकीपाशी त्याच्या बाजूने बोलणारा पगारी माणूस मात्र योजनेत आजही नाही. तो प्रत्येक ईएसआय दवाखान्यात असावा, आणि कंपनीचा नसावा.

बोर्डाचा निर्णय पटला नाही तर अपील तीन महिन्यांत करावे लागते. तेवढ्यात भाडे थकून खोली सुटते आणि फाइल घेऊन मुलगा गावी जातो. मंजूर झालेली रक्कम चालू राहावी म्हणून तिथून ठरावीक काळाने हयातीचा दाखला पाठवायचा असतो, हे त्याला निघताना सांगितलेले असेलच असे नाही.