पट्टीश्वरम्‌चा नंदी आणि आईची श्रद्धा

घरात रोज पूजा होते, तिन्हीसांजेला दिवा लागतो, सणवार पाळले जातात. तरीही मुलांच्या मनात श्रद्धा रुजेलच, अशी खात्री कोणतीच आई देऊ शकत नाही. मूल मोठे होते आणि एक दिवस म्हणते, ‘मला नाही म्हणायचे स्तोत्र.’ अशा वेळी आग्रह धरला तर देव म्हणजे आणखी एक गृहपाठ होतो; सोडून दिले तर आपले कर्तव्य राहून गेले, ही रुखरुख लागते. मग आईने करावे तरी काय?

याचे उत्तर मला तमिळनाडूत, कुंभकोणमजवळच्या पट्टीश्वरम् या गावाच्या कथेत मिळाले. येथे धेनुपुरीश्वर शिवाचे प्राचीन मंदिर आहे. कामधेनूची कन्या पट्टी हिने येथे शिवाची आराधना केली, म्हणून गावाला हे नाव पडले, असे सांगतात. ७ व्या शतकातील बालसंत ज्ञानसंबंधर भक्तांसह येथे आले, तेव्हा ऊन रणरणत होते. शिवाने आपल्या गणांकरवी त्यांच्यावर मोत्यांचे छत धरवले. संबंधर महाद्वारी पोहोचले. समोर नंदी होता. बाळाला दुरूनच दर्शन व्हावे म्हणून शिवाने नंदीला बाजूला सरण्यास सांगितले. या मंदिरातील नंदी आजही समोरच्या रेषेपासून थोडा बाजूला आहे.

या कथेत मला आईची दोन कर्तव्ये दिसतात.

पहिले, छत धरणे. छत वाट ठरवत नाही, फक्त ऊन अडवते. वेळेवर जेवण, घरातील शांत स्वर, खरे बोलण्याची सवय, थोरांचा मान, दारी आलेल्याला पाणी ही आईने धरलेली सावली आहे. येथे आग्रह हवाच. वागणे शिकवता येते आणि ते शिकवलेच पाहिजे.

दुसरे, बाजूला सरणे. भक्ती मात्र आग्रहाने येत नाही. माझी मुलगी नववीत आहे. आजी गेल्यानंतर तिने विचारले, “आई, तू रोज प्रार्थना करत होतीस ना? मग आजी का गेली?” प्रारब्ध, कर्म, देवाची इच्छा अशी सारी ऐकलेली उत्तरे माझ्या ओठांवर आली. पण ती आजीसाठी रडत होती. मी तिला जवळ घेतले आणि काही बोलले नाही. त्या दिवसापासून ती दिव्यापाशी बसत नाही. मी मात्र रोज बसते, तिला हाक न मारता.

‘हा ढिलेपणा नाही का?’ असे कोणी विचारील. नंदीकडे पाहावे. तो उठून गेला नाही, त्याने शिवाकडे पाठ फिरवली नाही. त्याची निष्ठा तसूभरही उणी झाली नाही. त्याने केवळ वाट मोकळी केली. आईची साधना तशीच अखंड चालू राहावी, मुलाला ती दिसावी. पण मूल आणि देव यांच्यामध्ये आईची अपेक्षा उभी राहू नये. ‘मी इतके करते, तर तूही कर’ या वाक्यात देवापेक्षा आपला अहंकार मोठा असतो.

याच कुंभकोणम परिसरात, गोविंदपुरम् येथे विठ्ठल-रुक्मिणीचेही भव्य मंदिर आहे. तंजावरच्या मराठ्यांमुळे या भूमीला अभंग परके नाहीत. विठ्ठलाची कथा आपण सारेच जाणतो: पुंडलिक आईवडिलांच्या सेवेत होता, त्याने वीट पुढे केली आणि देव त्यावर उभा राहिला. तो रागावला नाही, निघूनही गेला नाही. युगे लोटली तरी त्याची तक्रार नाही.

मुलाच्या प्रश्नांपुढे आपली घाई वाढू लागली, की ती वीट आठवावी. जो देव भक्तासाठी इतका थांबतो, तो आपल्या मुलांसाठीही थांबलेला असणार. तोवर आईने दिवा लावत राहावा.