हवालदारीणबाईंचा डबा

वरळीच्या बीडीडी चाळींना नावं नाहीत, नंबर आहेत. मागच्या शतकाच्या विशीत मुंबई सरकारच्या विकास खात्याने इथे 121 इमारती बांधल्या. तळमजला आणि वर तीन मजले, एकेका इमारतीत 80 खोल्या, खोली 160 चौरस फुटांची. त्यातल्याच एका चाळीत तळमजल्यावर एक आजी राहायची. तिच्या खिडकीखाली, दोन चाळींच्या मधल्या पट्ट्यात, डालड्याचे डबे, रंगाच्या बादल्या आणि एक फुटका माठ मांडलेला होता. सगळ्यांत झाडं.

तुळस, मोगरा, गवती चहा ही मंडळी कुणालाही ओळखू येण्यासारखी. उरलेल्या चार डब्यांची नावं आजीलाही ठाऊक नव्हती, कारण ती झाडं तिनं लावलेलीच नव्हती. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला, लांबत गेला, आणि पुढच्या वर्षांत शेजारची बिऱ्हाडं एकेक करून गावाला निघाली. निघताना बायका म्हणायच्या, "एवढ्या डब्याला पाणी घाला हो, आम्ही आलो की नेऊ." न्यायला कुणी आलं नाही. आजीनं झाडांना देणारीचीच नावं ठेवली: ही वरच्या वहिनी, ही चिपळूणवाली, ही हवालदारीणबाई. चौथा डबा कुणाचा, ते तिलाही आठवत नव्हतं.

पुनर्विकासात आजीच्या चाळीची पाळी आली. पौषात खोली खाली करायची आणि टॉवर उभा राहीपर्यंत भाड्याच्या जागेत राहायचं. वरळीतल्या पहिल्या 556 घरांच्या चाव्या 14 ऑगस्ट 2025 ला दिल्या गेल्या, तेव्हा मुलगा ती 500 चौरस फुटांची घरं बघून आला होता आणि तेव्हापासून त्याच्या डोक्यात नीटनेटकेपणाचं वारं शिरलं होतं. त्यानं वही काढली. भांडी किती, गाद्या किती, झाडं किती. झाडांपाशी आल्यावर त्यानं नियमच केला: ज्याचं नाव सांगता येईल ते झाड येईल, बाकीचं कचऱ्यात.

"नात आहे की शिकलेली, ती सांगेल," आजी म्हणाली.

नातीनं फोन काढला. वरच्या वहिनींच्या झाडाला त्यानं ओरेगॅनो म्हटलं. चिपळूणवालीला म्हटलं गवत. हवालदारीणबाईंच्या डब्यात तर नुसती कोरडी माती होती, तिचा फोटो काढून उपयोग काय?

"हा रिकामाच आहे," मुलगा म्हणाला आणि डबा उचलायला वाकला.

"ठेव तो खाली," आजी म्हणाली. "पात्रतेची यादी लागली तेव्हा आधी आपलं नाव नव्हतं त्यात. खोली तुझ्या आज्याच्या नावावर, बदल केलेला नाही. भाड्याच्या पावत्या घेऊन सहा महिने हिंडलास. तोवर कुणी उचलून बाहेर टाकलं का तुला?"

मुलगा काही बोलला नाही. पण डबा खाली ठेवला. चैत्रापर्यंत मुदत देतो म्हणाला.

मग नात कामाला लागली. फोन बाजूला ठेवून तिनं चाळीतल्या म्हाताऱ्या गाठल्या. झाड ओळखण्याची त्यांची रीत वेगळी होती. फोन पान बघत होता, या बायका आधी पान चुरडत, मग वास घेत, मग देठ दोन बोटांत फिरवत. वरच्या वहिनींच्या झाडाचा देठ बोटांना चौकोनी लागला. तुळस, सब्जा, पुदिना, पानओवा यांचा देठ असाच असतो, ही एका कुळाची खूण. पान बारीक, राखी छटेचं. तिसऱ्या मजल्यावरच्या काकींनी नाकाशी नेलं आणि लगेच म्हणाल्या, "अगं, मरवा हा. गजऱ्यात नाही का घालत?" फोनही फार चुकला नव्हता. पिझ्झ्यावर भुरभुरतात तो ओरेगॅनो मरव्याचा सख्खा भाऊ. पण गजरा फोनला कुठून ठाऊक असणार.

चिपळूणवालीचं गवत सगळ्यांनी हुंगलं. पातीला काही वास नाही. शेजारच्या डब्यातल्या गवती चहाची पात चुरडली तर हात लिंबासारखा घमघमे आणि ही आपली कोरडी. गवतच म्हणावं अशा बेताला सगळ्या आल्या होत्या. तेवढ्यात डबा हलवताना गंजलेला तळ सुटला आणि मुळांचा गुंता बाहेर आला. एक मूळ पाण्यात बुडवून नातीनं नाकाशी धरलं. वाळा! उन्हाळ्यात माठात जुडी टाकतात तो. वाळ्याचा सगळा वास मुळात असतो, पानात शोधणाऱ्याला तो मिळत नाही. इतकी वर्षं आजी वाळ्याला पाणी घालत होती आणि माठात टाकायला जुडी मात्र बाजारातून विकत आणत होती. ही गोष्ट तिनंच हसत सगळ्यांना सांगितली.

चौथ्या, बेवारस डब्यात मात्र निव्वळ हराळी निघाली. मुलाला तेवढंच हवं होतं. पण काकी म्हणाल्या, "हराळी म्हणजेच दुर्वा. गणपतीत एकवीसची जुडी विकत घेतोस ती कसली असते?" तो डबाही टेम्पोत चढला.

राहिला हवालदारीणबाईंचा. आजी एवढंच सांगू शकली की पावसात त्याला पानं येतात, वरून पांढुरकी नक्षी, खालून जांभळी, दिवाळीनंतर ती वाळून जातात. कुणी हळद म्हणालं, कुणी आंबेहळद. नातीला कंद उकरून बघायचा होता, पण आजीनं हात लावू दिला नाही.

भाड्याच्या खोलीत डब्यांना एकच खिडकी मिळाली. मुलगा येताजाता त्या कोरड्या मातीकडे बघायचा आणि कॅलेंडरकडे बघायचा. होळी झाली. पाडवा आला, त्या दिवशी तर त्यानं डब्याची जागा मोजून तिथे बादली बसेल का तेही पाहिलं.

पाडव्यानंतर आठवड्याभरात सकाळी खोलीभर वास सुटला. उदबत्तीचा नव्हे, मोगऱ्याचाही नव्हे. मातीतून, एकही पान नसताना, फूल वर आलं होतं. पांढऱ्या लांबट पाकळ्या आणि मध्ये जांभळी. शेजारच्या खोलीतली मालवणची बाई वासावर दारात आली. "भुईचाफो हा तो," ती म्हणाली. "पयलो फुलता, मगे पाना येतत." आता फूल दिसल्यावर फोननंही बिनचूक सांगितलं: केम्फेरिया रोटुंडा, आल्या-हळदीच्या कुळातला.

मुलानं वही आणली. "नाव काय लिहू?"

"हवालदारीणबाई लिही," आजी म्हणाली. "आणि पुढं बारीक अक्षरात भुईचाफा."

त्यानं तसंच लिहिलं. मग थोड्या वेळानं स्वतःच उठून डब्याला पाणी घातलं.

आता त्या डब्यात कंद दाटले आहेत आणि आजी हौसेनं वाटते. भुईचाफा कुणाला हवा असेल तर फुलांचा बहर ओसरल्यावर, पावसाची पानं फुटायच्या आत कंद मागून न्यावा. सावलीतलं विरळ ऊन आणि भुसभुशीत माती त्याला पुरते. पानं वाळली की पाणी अगदी बेताचं घालावं, नाहीतर कंद कुजतो. आणि डब्यावर नाव चिकटवून ठेवावं, घरात कुणी वही घेऊन आवराआवर करणारं असेल तर नक्कीच.