निर्माल्य आणि ताजे फूल



श्रींची पूजा नित्य होते. मंत्र तेच, उपचार तेच, घंटेचा नादही तोच; परंतु कालचे फूल आज मूर्तीवर राहत नाही. पहाटेचे पहिले काम निर्माल्य काढण्याचे. (तुळस व बेल यांस शास्त्राने अपवाद केला आहे, हे जाणत्यांनी ध्यानी घ्यावे.) फूल काल कितीही सुगंधी असले तरी आज ते देवास चालत नाही, हे आपल्या घरातील लहान मुलासही ठाऊक असते. मग गवयापाशी, कीर्तनकारापाशी, मूर्तिकारापाशी आपण कालचेच फूल पुनः पुनः का मागतो, हा प्रश्न आम्ही आज आपणांपुढे ठेवीत आहो.

उदाहरणासाठी दूर जावयास नको. आपल्या कंग्राळीहून निघून बेळगाव ओलांडले की थोड्या अंतरावर सुळेभावी गाव लागते. तेथे ८ एप्रिल १९२४ रोजी शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळी या बालकाचा जन्म झाला. घर कानडी, पण त्यास आपला म्हणण्यात मराठी माणसाने कधी अनमान केला नाही. हे मूल पुरते कळते होण्यापूर्वीच तबकड्यांवरील थोर गवयांची गाणी हुबेहूब म्हणू लागले. एका मठाच्या स्वामींनी त्यास ‘कुमार गंधर्व’ हे नाव दिले. गावोगाव बैठका झाल्या. लोक थक्क होत, बक्षिसे देत. नक्कल जितकी अचूक, तितकी वाहवा अधिक.

आता विचार करावा. त्या वाहवेतच तो मुलगा राहिला असता तर? पुढे मुंबईस प्रो. बी. आर. देवधर यांच्या विद्यालयात तो शिकला. देवधर हे कोण्या एका घराण्याच्या कुंपणात अडकलेले गुरू नव्हते. निरनिराळ्या घराण्यांचे गवई त्यांच्याकडे येत, गात, आणि शिष्यांच्या कानी ते सर्व पडे. दुसऱ्याचे गाणे गळ्यातून काढणे निराळे व ते समजून घेणे निराळे, हे कळावयास अशी संगत लागते.

१९४७ साली विवाह झाला आणि त्याच सुमारास क्षयाने गाठले. १९४८ साली हवापालटासाठी माळव्यात देवासला जावे लागले. गाणे बंद. ऐन पंचविशीच्या आतबाहेरचा, नाव मिळविलेला गवई, आणि गळा उघडण्याची मनाई! पत्नी भानुमती यांनी नोकरी सांभाळून शुश्रूषा केली. अंथरुणावर पडल्यापडल्या कानी येत ती माळव्याच्या स्त्रियांची गाणी व दारावरून जाणाऱ्या भिक्षेकऱ्यांची भजने. पाच-एक वर्षे अशी गेली. क्षयावर नवे औषध आले, प्रकृती सावरली. परंतु एक फुफ्फुस निकामी झाले ते झालेच.

परत आलेले गाणे पूर्वीचे नव्हते. उरलेल्या श्वासात मावेल, अशी त्याची घडण होती. लोकधुनांतून त्यांनी मालवती, संजारी, लगनगंधार यांसारखे राग सिद्ध केले, आणि ते १९६५ साली ‘अनूपरागविलास’ या ग्रंथात छापले गेले. नाथपंथी गायकांच्या मुखी असलेल्या कबीराच्या निर्गुणी भजनांस त्यांनी मैफलीत मानाचे स्थान दिले. पुष्कळ जाणकार रुष्ट झाले. परंपरा सोडली, घराणे सोडले, असा बोल लागला. रागाची चौकट त्यांनी मोडली नव्हती, हे शांतपणे ऐकणाऱ्यास कळत होते. मंत्र तोच होता, फूल त्या दिवशीचे होते.

गीतेतील फलत्यागाचा उपदेश आपण कलावंतास मोठ्या हौसेने करतो. पण फळावर टपून बसलेले बहुधा आपणच असतो. उत्सवात आठ वर्षांचे गोड गळ्याचे मूल पुढे उभे करावयाचे, सिनेमाच्या चालीवरचे एकच भजन त्याच्याकडून दहा वेळा म्हणवून घ्यावयाचे, आणि तेरा-चौदाव्या वर्षी आवाज फुटला की त्याच्याकडे पाठ फिरवावयाची, हे आपल्या मंडपांतून घडते. त्या मुलास त्या वेळी काय वाटत असेल? आवाज बसला म्हणून त्याच्यातील गाणे संपले असे कोणी ठरविले? आईबापांनी तरी दोन वर्षे त्यास काही न मागता ऐकू द्यावे, भजनाच्या मागच्या रांगेत टाळ धरून बसू द्यावे. देवळाने त्याची जागा राखून ठेवावी.

कलावंताने मन मानेल तसे वागावे, असे आमचे म्हणणे नाही. कीर्तनास उभा राहिलेला मनुष्य नारदांच्या गादीवर असतो; त्या गादीचे बंधन त्यास आहेच. परंतु ते बंधन देवाचे व विद्येचे असावे, श्रोत्यांच्या सवयीचे नसावे.

कुमारजी १२ जानेवारी १९९२ रोजी देवास येथेच निवर्तले. मधल्या काळात त्यांनी बालगंधर्वांची नाट्यपदे घेऊन एक कार्यक्रम केला होता. बालपणी ज्याने नकलांनी मैफली जिंकल्या, त्यास ती पदे जशीच्या तशी म्हणून टाळ्या घेणे किती सोपे होते! त्यांनी त्या कार्यक्रमास नाव दिले, ‘मला उमजलेले बालगंधर्व’.