मानेतील गाठ आणि संमतीचा धर्म

मानेतील मुख्य धमनीला जिथे दोन फाटे फुटतात, तिथे तांदळाच्या दाण्याएवढा एक अवयव असतो. रक्तातला प्राणवायू घटला की तो मेंदूला वर्दी देतो. त्यात क्वचित होणाऱ्या गाठीला कॅरोटिड बॉडी ट्यूमर म्हणतात. ती बहुधा कर्करोगाची नसते आणि वर्षानुवर्षे सावकाश वाढते. बोटांनी चाचपली तर आडवी हलते, वरखाली सरकत नाही.

1971 पासून रूढ असलेल्या शॅम्बलिन वर्गवारीत तिचे तीन गट आहेत. पहिल्या गटातली गाठ धमनीपासून सहज सुटते, दुसऱ्यातली धमनीला अर्धवट वेढते, तिसऱ्यातली पुरती वेढून टाकते. जिभेचे आणि स्वरयंत्राचे मज्जातंतू तिथूनच जातात. त्यांना इजा झाली तर आवाज बसतो, घास घेताना ठसका लागतो. पक्षाघाताचाही धोका असतो.

त्रास न देणाऱ्या गाठीसाठी आवाज पणाला लावावा का? सुश्रुतसंहितेने मूतखड्याच्या शस्त्रक्रियेबाबत सांगितले आहे, की ती न केल्यास मृत्यू अटळ, केल्यास यश संशयित. म्हणून आधी विचारूनच शस्त्र धरावे. इथे हा हिशेब उलटा होतो. थांबल्याने लगेच जीव जात नाही. मात्र गाठ वाढली की शस्त्रक्रिया अधिक जोखमीची होते.

या हिशेबात आवाजाचे मोलही धरावे लागते. जुन्नर तालुक्यातील आळे येथे ज्ञानेश्वरांनी वेद वदवलेल्या रेड्याची समाधी आहे, असे परंपरा मानते. ज्याला वाणीचा अधिकारच नाकारला, त्याच्या मुखी वेद आले, हा या कथेचा गाभा. अशा मुलखात कीर्तनकाराला किंवा नारायणगावच्या बाजारात भाव पुकारणाऱ्याला आवाज म्हणजे उपासना आणि भाकरी दोन्ही. त्याने गाठ राहू देऊन नियमित तपासणीचा मार्ग धरला, तर ती दैवाला शरणागती नव्हे. तरुण रुग्णाने शस्त्रक्रिया पत्करली, तर तो श्रद्धेचा अभाव नव्हे. योगवासिष्ठानेही दैवापेक्षा पौरुष श्रेष्ठ मानले आहे.

निर्णयाइतकाच महत्त्वाचा प्रश्न सत्याचा आहे. जुन्नरभोवतीचे डोंगर बौद्ध लेण्यांनी भरले आहेत. त्याच बौद्ध परंपरेतल्या पाली विनयपिटकातील महावग्गात जीवक वैद्याची कथा येते. राजगृहातील श्रेष्ठीचे मस्तक उघडण्यापूर्वी त्याने दोन्ही कुशींवर आणि पाठीवर प्रत्येकी सात महिने पडून राहण्याचे वचन घेतले. श्रेष्ठी सात-सात दिवसच टिकला. तेवढेच पुरेसे होते, हे जीवकाला आधीच ठाऊक होते. त्याचा हेतू हिताचा होता. तरीही रुग्णापासून सत्य दडवण्याची ही वाट आजच्या वैद्यकनीतीला मान्य नाही. मंचर वा घोडेगावहून पुण्याला आलेल्या रुग्णाला गाठीचा गट, आवाज जाण्याची शक्यता आणि थांबण्याचा पर्याय त्याच्या भाषेत सांगितलेला हवा. देह त्याचा, भोग त्याचा. म्हणून समजून दिलेला होकार किंवा नकार, दोन्ही सारखेच धर्म्य आहेत.