शंका शिकवणारा गुरू

मुलगा कॉलेजात वाङ्मय शिकू लागला आणि सुटीत घरी आल्यावर जेवणापूर्वीच्या प्रार्थनेला डोळे मिटेनासा झाला, म्हणजे आपण प्रथम त्याच्या प्राध्यापकाला दोष देतो. हे केवळ आपल्याच मंडळीत घडते असे नाही. ज्या घरात देव्हारा आहे तेथील आईबापांचीही हीच तक्रार असते. एखाद्या शिक्षकावर विद्यार्थी जीव टाकतात, त्याच्यासारखे बोलू-चालू लागतात, आणि पुढे त्यांतले काही घरच्या श्रद्धेपासून दूर जातात. याचा जाब कोणी द्यायचा? हा प्रश्न १८३१ साली कलकत्त्यात एका कमिटीपुढे रीतसर आला होता. ती हकिकत वाचकांनी सावकाश ऐकावी.

हिंदू कॉलेज १८१७ साली स्थापन झाले. कलकत्त्यातील प्रतिष्ठित हिंदू गृहस्थांनी आपल्या मुलांना इंग्रजी विद्या मिळावी म्हणून ते काढले होते. तेथे १८२६ साली वाङ्मय व इतिहास शिकवण्यास हेन्री लुई व्हिव्हियन डिरोझिओ यांची नेमणूक झाली. त्या वेळी त्यांचे वय अवघे सतरा वर्षांचे होते! पोर्तुगीज वंशाच्या, प्रॉटेस्टंट पंथाच्या घरात ते कलकत्त्यासच जन्मले. चौदाव्या वर्षी शाळा सुटली. मग काही दिवस कचेरीत कारकुनी आणि काही दिवस भागलपुरास नातलगाच्या निळीच्या कारखान्यात काम. तेथून पाठवलेल्या कविता कलकत्त्याच्या पत्रांत छापून येऊ लागल्या आणि त्यांतून नाव झाले. कृष्णमोहन बॅनर्जी, रामतनू लाहिरी, राधानाथ सिकदार हे त्यांचे विद्यार्थी १८१३ सालचे, म्हणजे गुरुशिष्यांत अंतर चारच वर्षांचे. थोरल्या भावाने धाकट्यांना शिकवावे तसेच ते होते.

वर्ग सुटला तरी शिकवणे सुटत नसे. मुले त्यांच्या घरी जात, वाचीत, वाद घालीत, तेथेच जेवीत. (कोणाच्या घरी कोणी जेवावे हा त्या काळी केवढा प्रश्न होता हे ध्यानात घ्यावे.) १८२८ च्या सुमारास त्यांनी विद्यार्थ्यांची एक वादसभा काढली. दैव खरे की इच्छास्वातंत्र्य, सद्‌गुण म्हणजे काय, मूर्तिपूजा योग्य की अयोग्य, देव आहे की नाही, असे विषय तेथे चालत. कॉलेजातील एका कारकुनाने पुढे आठवण सांगितली आहे की, त्या काळी हिंदू कॉलेजचा मुलगा म्हटला म्हणजे तो खोटे बोलणार नाही, असे लोक गृहीत धरीत. कोणा शिक्षकाविषयी याहून मोठे प्रशस्तिपत्र माझ्या वाचनात नाही.

पण घराघरांतून आरडाओरड सुरू झाली. मुले संध्या करीत नाहीत, निषिद्ध खातात, वडिलांना उलट उत्तरे देतात. २३ एप्रिल १८३१ रोजी व्यवस्थापक कमिटी भरली. हा मनुष्य शिक्षक म्हणून अयोग्य आहे काय, या प्रश्नावर बहुमत त्यांच्या विरुद्ध गेले नाही. मग दुसरा प्रश्न निघाला : लोकांची मने प्रक्षुब्ध झाली असता त्यांना काढणे इष्ट आहे काय? येथे मात्र बहुमत 'होय' असे पडले. म्हणजे दोष सिद्ध न होता शिक्षा झाली, आणि तीही त्यांचे म्हणणे न ऐकता. दोन दिवसांनी डिरोझिओंनी राजीनामा धाडला.

कमिटीचे एक सभासद, संस्कृतचे पंडित विल्सन यांनी मग खाजगी पत्राने त्यांना तीन गोष्टी विचारल्या. देव नाही असे शिकवता काय? आईबापांचा मान राखणे हे कर्तव्य नव्हे असे शिकवता काय? तिसरा आरोप इतका ओंगळ होता की तो येथे लिहिण्याचे कारण नाही. डिरोझिओंनीही तो झटकून टाकला. पहिल्याचे उत्तर मात्र त्यांनी विस्ताराने दिले. देव नाही असे मी कोणाला सांगितलेले नाही. परंतु या विषयावर तत्त्वज्ञांच्या शंका आहेत ही गोष्ट लपवलीही नाही. ह्यूमच्या संवादातील शंकेखोराची बाजू मुलांपुढे ठेवली, तशीच रीड आणि ड्यूगल्ड स्ट्युअर्ट यांनी ह्यूमला दिलेली उत्तरेही ठेवली. काही मुले नास्तिक झाली असतील तर तो दोष माझा. मग जी आस्तिक राहिली त्यांचे श्रेयही मला द्या, असा त्यांचा रोखठोक सवाल होता. दुसऱ्या आरोपाला त्यांनी घडलेल्या गोष्टींनीच उत्तर दिले. एक विद्यार्थी वडिलांचा जाच सोसवत नाही म्हणून घर सोडण्यास निघाला होता, त्याला त्यांनी थोपवले होते. दुसरा वडिलांशी उद्धटपणे वागला, त्याची त्यांनी चांगलीच कानउघाडणी केली होती.

हे उत्तर मला पटते. पण पुरते समाधान होत नाही. विरुद्ध बाजूचे पुढारी राधाकांत देव हे काही अडाणी नव्हते. 'शब्दकल्पद्रुम' हा प्रचंड संस्कृत कोश त्यांनीच सिद्ध केला, आणि मुलींच्या शिक्षणालाही त्यांचा पाठिंबा होता. ज्या घरातून मुलगा उठून जातो त्या घराचे दुःख खरेच असते. त्याच साली ऑगस्टात कृष्णमोहन घरी नसताना त्यांच्या मित्रांनी तेथे गोमांस खाऊन हाडे शेजारच्या ब्राह्मणाच्या घरात फेकली. याला सत्यशोधन कसे म्हणावे? तो निव्वळ पोरकट क्रूरपणा होता. गुरू तेव्हा कॉलेजात नव्हते, आणि असे करा असे त्यांनी कधी शिकवलेही नव्हते. तरीपण जुने मोडण्याची धिटाई जितक्या लवकर अंगी येते तितक्या लवकर दुसऱ्याच्या मनाची कदर येत नाही, एवढे बावीस वर्षांच्या शिक्षकाला कदाचित उमगले नसावे.

माझ्या मते शिक्षकाने दोन गोष्टींचा जाब द्यावा. दोन्ही बाजू प्रामाणिकपणे मांडल्या काय? आणि विद्यार्थी अडखळला तेव्हा त्याला टाकून तर दिले नाही ना? मुलाने शेवटी कोणती बाजू घेतली याचा जाब त्याच्याकडे मागता येणार नाही. आपण ख्रिस्ती लोक येथे सोयीचा हिशेब करतो. कृष्णमोहनांना घर सोडावे लागले, आणि १८३२ साली अलेक्झांडर डफ यांच्या हातून त्यांचा बाप्तिस्मा झाला, ते पुढे पाळक झाले, हे आपण आनंदाने सांगतो. त्याच वर्गातला दुसरा कोणी काहीच मानीनासा झाला की बोल गुरूला लावतो. मुळात ज्याला प्रश्न विचारण्याची मुभा नव्हती, तो कृष्णमोहन होऊ शकला असता काय? आपल्याकडचे बाबा पदमनजी बेळगावास जन्मले ते याच १८३१ सालचे. तेही मुंबईत परमहंस मंडळीच्या गुप्त बैठकांत बसले होते, आणि मग १८५४ साली बाप्तिस्म्यापर्यंत आले. शंकेच्या वाटेवरून गेलेला प्रत्येक जण हरवतोच असे नाही.

२६ डिसेंबर १८३१ रोजी, राजीनाम्याला वर्षही झाले नव्हते तेव्हा, डिरोझिओ पटकीने वारले. वय बावीस. शिकवण्याची एकंदर वर्षे पाच. विद्यार्थी मात्र दीर्घायुषी निघाले आणि प्रत्येक जण आपापल्या वाटेने गेला. रामतनू लाहिरींनी १८५१ साली जानवे टाकले व गावोगावच्या शाळांत मास्तरकी करीत जन्म काढला. शिवनाथ शास्त्री यांनी त्यांचे चरित्र लिहिले, त्याला त्या काळच्या बंगाली समाजाचा इतिहासच म्हणतात. राधानाथ सिकदार मोजणी खात्यात गेले. एव्हरेस्ट शिखराच्या उंचीच्या गणिताशी त्यांचे नाव जोडलेले आहे. त्यांनी व प्यारीचंद मित्र यांनी १८५४ साली एक लहानसे मासिक काढले. इंग्रजी काव्यावर वाढलेल्या या मंडळींनी ते बंगालीत काढले, आणि पंडिती भाषा मुद्दाम सोडून घरातल्या बायकांना वाचता येईल अशा बोलीत लिहिले.